पूर्णान्नात डाळं

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. भोपाळच्या अवधपुरीत आज जे पोट सुटलेले बाप मुलांना स्कूटरवरून ट्यूशनला सोडायला जातात, त्यांतले निम्मे कधी ना कधी माझ्या वर्गात बाकावर उभे राहिलेले आहेत. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सगळं ऐकून ही बाई मुळातच बावळट असणार असा कुणाचा समज व्हायला नको. मी बावळट नाही. मी फक्त एकदा कॅलेंडर बघितलं नाही.

आमचे हे, म्हणजे प्रकाश, कारखान्यात क्वालिटीला होते. रिटायर झाले आणि सहा महिन्यांत शर्टाची खालची दोन बटणं लागेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, रात्रीचं जेवण बंद, त्याऐवजी काहीतरी हलकं पेयबिय घ्या. बाजारात डबे मिळतात तसले, पण एक आणून बघितला तर त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास. मग मीच राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, मखाणे, भाजलेले दाणे, खारीक आणि वेलची अशी पूड केली. दोन चमचे ताकात कालवायची, वर पाणी, की एक जेवण उडालं. ह्यांची बटणं लागायला लागली आणि सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी पुडीची चौकशी सुरू केली. वर्षभरात पूर्णान्न नावाची पाकिटं निघाली आणि एकशे चाळीस जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. सगळी आपली मंडळी. कुणी इंदूरचे, कुणी ग्वाल्हेरचे, कुणी उज्जैनचे, आणि भोपाळ राजधानी झाल्यावर सरकारी ऑफिसांबरोबर इथे आलेले नागपूरकर.

लायसन्सही रीतसर काढलं. म्हणजे काढायला गेले. फॉर्ममध्ये पीठ होतं, मसाला होता, लोणचं होतं, तान्ह्या मुलांचा आहार होता, पण जेवणाऐवजी घ्यायची पूड कुठेच नव्हती. खिडकीतल्या भल्या माणसाने माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि शांतपणे विचारलं, "मैडम, लोग खाना ही क्यों नहीं खा लेते?" एकतीस वर्षांत मला एकाही मुलाने निरुत्तर केलं नव्हतं. शेवटी पूर्णान्न 'अन्य' या सदरात गेलं.

तर दीड वर्ष असं सुखाने चाललं होतं, आणि मग अश्विनी बोलली. अश्विनी आमची मुलगी. एम. पी. नगरात कुठल्याशा कंपनीत ती मार्केटिंग बघते, म्हणजे नक्की काय बघते ते मला अजून कळलेलं नाही.

"आई, यात प्रोटीन कितना है?" ती पाकीट उलटंपालटं करत म्हणाली.

"आहे की. दाणे आहेत, मखाणे आहेत."

"अगं यार, नंबर सांग. आजकाल लोक फक्त नंबर वाचतात. और ये शिंगाडा हटा दो, बोअरिंग आहे. काहीतरी मॉडर्न घाल."

माझ्या पुडीला बोअरिंग म्हटलेलं मला लागलं, पण नंबर हा माझा विषय. वही घेऊन बसले. शिंगाडा काढला, मखाणे काढले, राजगिरा अर्ध्यावर आणला. त्याऐवजी डाळं घातलं, मोड आणून वाळवलेल्या मुगाचं पीठ घातलं आणि मॉडर्न म्हणून ओट्स घातले. ह्यांनी चाळणी, घड्याळ आणि तक्ता घेऊन सात चाचण्या केल्या. चमचा उभा राहतो का, किती सेकंद राहतो, सगळं लिहिलं. वरच्या मजल्यावरचे नीळकंठराव, मूळचे ग्वाल्हेरचे, विचारल्याशिवाय सल्ला देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. ते रोज चव घ्यायला खाली यायचे आणि रोज म्हणायचे, "वहिनी, जमतंय, पण अजून आत्मा नाही आला." आत्मा येईपर्यंत त्यांनी पाव किलो पूड संपवली.

नव्या पाकिटावर अश्विनीने लाल गोळा छापला, 'अब १२ ग्राम प्रोटीन'. घटक मागच्या बाजूला होते. कायद्याने लागतात तेवढे होते, फक्त ते वाचायला भिंग लागत होतं. पुरुषांची टेस्ट वेगळी आणि बायकांची वेगळी असं अश्विनीचं म्हणणं पडल्यामुळे एक वेलचीचं आणि एक जिऱ्याचं अशी दोन पाकिटं निघाली. चार दिवसांत सगळा माल संपला. अशी उचल कधीच झाली नव्हती. मला वाटलं, नंबरांचा प्रभाव.

पहिल्या प्रतिक्रिया सौम्य होत्या. कुणी लिहिलं, चांगलं आहे पण घशात जरा थांबतं. कुणी लिहिलं, मिस्टर म्हणतात भिंतीची पुट्टी आहे. एका नागपूरच्या बाईंनी लिहिलं, काकू, पोट भरतं पण मग पोट बोलतं, आणि मीटिंगमध्ये बोलतं. ह्यांना आनंदच झाला. कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे तक्रारी आल्या होत्या. त्यांनी लगेच फॉर्म तयार केला. तक्रारीचं स्वरूप, तीव्रता, प्रथम केव्हा जाणवली, सध्याची स्थिती. मी म्हटलं, अहो, गॅसची सध्याची स्थिती कोण लिहील? तर अकरा जणांनी लिहिली. एकाने आलेख काढून पाठवला.

आणि मग तो मंगळवार उजाडला.

सकाळी साडेदहाला मानसीचा मेसेज आला. ही मानसी शांत मुलगी, कधी अध्यात नाही की मध्यात नाही. तिने एवढंच विचारलं होतं, "काकू, नवीन पुडीत डाळं आहे का?"

मी आनंदाने लिहिलं, "हो, आहे ना. आणि मूगही. आणि ओट्स."

पाच मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. एकशे चाळीस बायाबाप्यांचा ग्रुप पाच मिनिटं गप्प बसतो म्हणजे काय याची कल्पना यायला तुम्ही अशा ग्रुपमध्ये असायला हवं. मग मानसीने लिहिलं, "काकू, आज अंगारकी आहे."

मी कॅलेंडरकडे बघितलं. त्या चौकोनात दुधाचा हिशेब होता आणि हिशेबाखाली लाल अक्षरांत छापलेलं होतं. अंगारकी संकष्टी. मला उपास नाही. ॲसिडिटीमुळे डॉक्टरांनी पंधरा वर्षांपूर्वीच बंद केले आणि खरं सांगते, त्या दिवशी मी डॉक्टरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. त्यामुळे कुठली तिथी कधी येते आणि जाते याच्याशी माझा संबंधच उरला नव्हता. आणि इथे निम्म्या भोपाळच्या मराठी लोकांनी सकाळी आंघोळ करून, गणपतीला हात जोडून, माझं डाळं, मूग आणि ओट्स ताकातून घेतलं होतं.

दीड वर्ष मी समजत होते की लोक माझी पूड वजन कमी करायला नेतात. कोण वजन कमी करतंय. राजगिरा, शिंगाडा, दाणे, खारीक, सगळं उपासाला चालणारं. साबुदाणा भिजवायचा विसरला की पूर्णान्न, ऑफिसला उशीर झाला की पूर्णान्न. मी ऑर्डरींची वही काढली. दर महिन्याला चतुर्थीच्या आधी विक्री वर, एकादशीच्या आधी वर, श्रावणात तर आकाशाला. सातवीच्या मुलालाही दिसला असता असा तो क्रम होता, आणि मी त्याला पगाराच्या तारखा समजत होते.

मग ग्रुप फुटला. तासाभरात दोनशे मेसेज. अर्धे मला बोलत होते आणि अर्धे एकमेकांना, कारण नक्की काय मोडलं यावरच एकमत होईना. उज्जैनकर म्हणाले, डाळं म्हणजे सरळ धान्य, मोडलाच. इंदूरच्या एक जण म्हणाल्या, आमच्याकडे जिरं चालतं, तुमच्याकडे चालत नाही का? त्यावर नागपूरहून, म्हणजे नागपूरकरांकडून उत्तर आलं, जिऱ्याचं काय घेऊन बसलात, मूग प्यायलोय आपण. नीळकंठरावांनी आवाजी मेसेज टाकला, सव्वाचार मिनिटांचा. त्याचं तात्पर्य असं की ओट्स आपल्या कुठल्याही शास्त्रात नाहीत, म्हणजे त्यांना बंदीही नाही, सबब ओट्सपुरता उपास शाबूत आहे. समोरच्या घरातले दुबेजी ग्रुपमध्ये नव्हते, पण बातमी कंपाउंडवरून त्यांच्यापर्यंत गेलीच. ते म्हणाले, "भाभीजी, आप लोग तो व्रत में सेंधा छोड़कर सादा नमक भी खा लेते हो. आपका तो पहले से ही टूटा हुआ है." शेजाऱ्याच्या दुःखात असं सहभागी व्हायला मोठं मन लागतं.

ह्यांनी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, उपासाचा प्रकार. मी तो फॉर्मच फाडला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण त्यांचा कागद मी पहिल्यांदाच फाडला.

शेवटी गुरुजींना फोन केला. आमचे गुरुजी सडेतोड, कुणाचं ऐकणारे नाहीत. मला वाटलं, आता होमच सांगतात. पण त्यांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "अजाणता घडलं आहे. दोष नाही. संध्याकाळी अथर्वशीर्ष म्हणा आणि विसरून जा."

"पण गुरुजी, डाळं होतं."

"माहितीये," ते म्हणाले. "मी दोन ग्लास घेतले सकाळी. जिऱ्याचं. सांगू नका कुणाला."

मी सांगितलं नाही. फक्त 'दोष नाही' एवढं ग्रुपवर टाकलं आणि लोक हळूहळू निवळायला लागले. कुणीतरी उपवासाच्या पोटावरचा विनोदही टाकला. म्हटलं, सुटले.

तेवढ्यात सोनागिरीहून मालतीचा मेसेज आला. "बाकीच्यांचं ठीक आहे. पण मनोरमाकाकूंची आज विसावी होती."

मी तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेच.

मनोरमाकाकूंना कोण ओळखत नाही. एकोणऐंशी वर्षांच्या, सोनागिरीत मालतीच्या शेजारी एकट्या राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन गुवाहाटीला बँकेत. त्याची भोपाळला बदली व्हावी म्हणून काकूंनी एकवीस संकष्ट्यांचा नवस धरलेला. दर महिन्याला एक, दिवसभर निरशन, चंद्र बघितल्यावर जेवण. गेल्या काही महिन्यांपासून तब्येतीमुळे सकाळी फक्त एक ग्लास माझं पूर्णान्न घ्यायच्या. वीस महिने त्या बाईने तोंड बांधलं होतं. एकच राहिली होती. आणि मी त्यात मॉडर्न म्हणून डाळं घातलं.

पुन्हा गुरुजींना फोन. या वेळी त्यांचा आवाज पडला. "संकल्प केलेलं व्रत आहे. खंड पडला म्हणजे पहिल्यापासून. वयामुळे त्यांना झेपत नसेल तर त्यांच्यासाठी दुसरं कुणी धरू शकतं. विशेषतः ज्याच्या हातून..." माझ्याच हातून झालं होतं ते मलाही कळत होतं.

आता एकोणऐंशी अधिक पावणेदोन वर्षं, हे गणित मला कुणी समजावून सांगायला नको होतं. पण मी एकवीस उपास करायचे? मी? पित्ताने माझं डोकं सकाळी नऊ वाजता दुखायला लागतं, चहाला दहा मिनिटं उशीर झाला तर. नीळकंठराव जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वहिनी, हा प्रायश्चित्ताचा योग आहे." मी म्हटलं, "मग तुम्हीच घ्या. पाव किलो तुम्ही खाल्लंय." ते भराभरा वर गेले.

मी ठरवलं की माफी मागायची, साडी द्यायची, श्रीफळ द्यायचं, पण उपासाचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्या मागे स्कूटरवर बसून सोनागिरीला गेले. ह्यांनी बरोबर पिशवी घेतली होती, जमेल तेवढी नवी पाकिटं परत गोळा करायला. कारखान्यात सदोष माल असाच परत मागवायचे म्हणे. वाटेत तीन घरी थांबलो. एकीने दिलं. दुसरीने जुन्या पुडीचं उघडं पाकीट देऊन नवं मागितलं. तिसरीने दिलं नाही, म्हणाली, काकू, उपास मोडला तो मोडला, पण सहा वर्षांत पहिल्यांदा पोट साफ झालंय, ते मी देणार नाही.

काकूंकडे पोचलो तर मालती आधीच येऊन बसलेली. चेहरा असा की जणू घरात कुणी गेलं आहे. काकू आत पलंगावर होत्या. मी आत गेले, साडी पुढे ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं तर मला रडूच आलं. दहावीच्या निकालालासुद्धा मी कधी रडले नव्हते. "काकू, माझं चुकलं. मला विचारायला हवं होतं. वीस महिने तुमचे..."

"दार लाव," काकू म्हणाल्या.

मी दार लोटलं.

"कडी घाल. मालतीचे कान लांब आहेत."

मी कडी घातली. काकूंनी मला पलंगावर शेजारी बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्या घोटालाच कळलं मला डाळं आहे ते. साठ वर्षं चटण्या वाटतेय मी. तरी पुरा ग्लास घेतला. मग अजून एक केला."

मी पदराने नाक पुसलं.

"अगं, बदली झाली त्याची. दहाव्या चतुर्थीलाच झाली. गणपतीने त्याचं काम केव्हाच केलं." त्या साडीची घडी उगाच सरळ करत होत्या. "नितीननेच नको म्हणून लिहून दिलं ऑफिसला. म्हणाला, आई, बायकोची शाळा इथे, मुलं इथे रुळली, तिथे आता आहे काय?"

तिथे काय आहे ते माझ्यासमोर बसलं होतं. मला इतका राग आला त्या नितीनचा, की समोर असता तर वयाचा विचार न करता कान धरला असता. तोही माझ्याकडेच होता, आठवी ब.

"मग तुम्ही पुढचे दहा महिने कशाला?"

"थांबवले असते तर लोकांनी विचारलं असतं, काय हो, झाली का बदली? काय सांगायचं? झाली आणि आला नाही? आईच्या तोंडून कसं निघावं ते?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. ते कधीच संपलेलं असावं. "मला वाटलं, एकविसावी होईल, मग बघू. तर तू हे करून ठेवलंस. आता सगळे म्हणतायत पहिल्यापासून धरा. सरोज, मला भूक लागते गं. दुपारी फार लागते."

हे त्या अशा बोलल्या, जसं लहान मूल मधल्या सुट्टीआधी बाईंना सांगतं. मी उठले. कडी काढली. बाहेर मालती दाराला इतकी चिकटून उभी होती की जवळजवळ आतच आली.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"ठरायचंय काय," मी म्हटलं. "चूक माझी, उपास माझे. काकूंच्या नावाने एकवीसच्या एकवीस मी धरणार. काकूंनी आता एकही करायचा नाही, गुरुजींनी सांगितलंय. ग्रुपवर टाक."

तिने तिथल्या तिथे टाकलं. सोफ्यावर बसलेल्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. घरी जाताना अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, "तुझ्या ॲसिडिटीचं काय?" मी म्हटलं, "सध्याची स्थिती लिहून ठेवा."

आता जुनी पूड पुन्हा सुरू झाली आहे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, उपासाला चालते. नवी वेगळ्या नावाने विकते, आणि ती जुनीपेक्षा जास्त खपते. अश्विनी म्हणते बघ, मी म्हटलं होतं. ग्रुपवर मला आता लोक मान देतात. मानसी मला काकू सोडून माई म्हणायला लागली आहे, ते मला अजिबात आवडलेलं नाही. आणि सगळे अधूनमधून विचारतात, काय मग, बदलीचं काही कळलं का? मी म्हणते, प्रयत्न चालू आहेत.

दर संकष्टीला दुपारी बारा वाजता सोनागिरीहून रिक्षा येते. उपासाला सोबत म्हणून काकू येतात, असं सगळ्यांना माहीत आहे. मी समोरचं दार लावते, स्वयंपाकघराचा पडदा ओढते, कारण नीळकंठराव कधीही चव घ्यायला येतात. मग काकूंना पान वाढते. वरण, भात, लिंबू, एखादी भाजी, कोशिंबीर. त्या सावकाश, पोटभर जेवतात आणि मी डोक्याला बाम चोळून समोर शेंगदाणे खात बसते. काकू लहानपणच्या उज्जैनच्या शाळेच्या गोष्टी सांगतात. नितीनचं नाव आम्ही दोघी घेत नाही. जेवून झालं की तासभर माझ्याच पलंगावर झोपतात.

गेल्या महिन्यात पाचवी झाली. भात कालवता कालवता त्या थांबल्या.

"सरोज, एकविसावी झाल्यावर काय गं?"

"काय म्हणजे?"

"मग तुझे उपास संपतील. मला इकडे यायला काय कारण?"

मी शेंगदाण्यांची वाटी खाली ठेवली.

"विसावीला मी डाळं खाते," मी म्हटलं. "चुकून. मग पहिल्यापासून धरावे लागतील."

काकूंनी ताट माझ्या बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "वाढ थोडा भात. आणि तूप जरा हात सैल सोडून घाल."